वाघिणी मोजल्या, माणसं मोजायची राहिली



रेल्वे फाटकावर अडकलं की मालगाडीचे डबे मोजायचे, हा उद्योग आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलेला असतो. या डब्याला मराठीत एक झकास शब्द आहे: वाघीण. इंग्रजी ‘वॅगन’ आपल्या लोकांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी तिची सरळ वाघीण करून टाकली.

हाच उद्योग मोठी माणसं पगार घेऊनही करतात बरं का. एप्रिल आला, पंजाब-हरियाणात गव्हाची खरेदी सुरू झाली, की अन्न महामंडळ आणि रेल्वे यांची धावपळ सुरू होते. कुठून किती रेक भरले, कुठला रेक कुठे पोचला, कुठल्या मालधक्क्यावर अजून रिकामा व्हायचाय, हे सगळं रेल्वेच्या एफओआयएस नावाच्या संगणक यंत्रणेत नोंदलं जातं. महिनाअखेरीला आकडा येतो: इतके लाख टन धान्य हललं. आकडा मोठा असला की बातमी छान होते.

आजचा भाग या मोजण्याबद्दल आहे. धान्याच्या गाड्या मोजल्या म्हणजे लोक जेवतायत की नाही हे कळतं का? हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला, आणि त्याचं चुकीचं उत्तर धरून बसल्यामुळे लाखो माणसं मेली. त्यातली बरीचशी आपल्याच सोलापूर, नगर, पुणे, साताऱ्याकडची होती.

रूळ आले आणि भाव बदलले

आधी थोडी पार्श्वभूमी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. पण धान्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या तारखा त्यानंतरच्या आहेत. १८६३ मध्ये बोरघाट फोडून मुंबई आणि पुणे रुळांनी जोडलं गेलं. १८६५ मध्ये थळ घाट झाला, म्हणजे आपला कसारा घाट. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये जबलपूरला जीआयपी रेल्वे आणि ईस्ट इंडियन रेल्वे जोडल्या गेल्या आणि मुंबई-कलकत्ता सलग झालं. १८७१ मध्ये रायचूरला मद्रासचे रूळ येऊन मिळाले.

याच काळात, १८६९ मध्ये, सुएझ कालवा सुरू झाला. १८७३ मध्ये सरकारने गव्हावरचं निर्यात शुल्क काढून टाकलं. आता उत्तरेतल्या गव्हाला थेट लंडनचं गिऱ्हाईक मिळालं. गाडी, बंदर, बोट आणि या सगळ्याच्या जोडीला तारयंत्र. मुंबईचा भाव तालुक्याच्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी कळायला लागला.

त्या काळी धान्याचा भाव उलटा सांगायचे. आपण म्हणतो ज्वारी किलोला इतके रुपये. तेव्हा म्हणायचे रुपयाला इतके शेर. म्हणजे महागाई वाढली की आकडा खाली यायचा. रेल्वे यायच्या आधी एका जिल्ह्यात रुपयाला भरपूर शेर आणि शंभर मैलांवर त्याच्या निम्मे, असं सहज असायचं. कारण बैलगाडीने माल न्यायचा तर वाटेतच खर्चाने नफा खाल्ला जायचा. रेल्वेने हा फरक मिटवला. जिथे भाव चढा, तिथे माल धावायला लागला.

ऐकायला हे उत्तमच वाटतं. जिथे टंचाई तिथे धान्य जाणार, मग कोण कशाला उपाशी राहील? इंग्रज अधिकाऱ्यांची श्रद्धा नेमकी हीच होती. पण एक गोष्ट बघा. माल टंचाईकडे धावत नाही, तो भावाकडे धावतो. आणि भाव देण्यासाठी खिशात पैसा लागतो.

दोन घाटांचा वळसा

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये फसला. खरीप गेलं, पाठोपाठ रब्बीही गेली. मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचं राज्य आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग, सगळीकडे हीच अवस्था. १८७७ मध्ये दक्षिणेत पुन्हा पावसाने दगा दिला.

वाघिणी हलायला लागल्या. मध्य प्रांत आणि उत्तरेकडचं धान्य दक्षिणेकडे निघालं. पण नकाशा डोळ्यांसमोर आणा. जीआयपीच्या दोन शाखा होत्या. एक कल्याणहून थळ घाट चढून इगतपुरी, मनमाड, भुसावळकडे जाणारी. दुसरी कल्याणहून बोरघाट चढून पुणे, दौंड, सोलापूर, रायचूरकडे जाणारी. घाटमाथ्यावर या दोन शाखांना जोडणारा रूळच नव्हता! म्हणजे नागपूरहून सोलापूरला धान्य पाठवायचं तर ते मनमाडपर्यंत यायचं, मग थळ घाट उतरून कल्याणला यायचं, आणि तिथून पुन्हा बोरघाट चढून पुण्यामार्गे सोलापूर. बोरघाट तर असा, की मध्येच गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागे आणि मग उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा.

मनमाड आणि दौंड यांना थेट जोडणारा नगरवरून जाणारा मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत दुष्काळाने आपलं काम केलं होतं.

बरं, वाघीण स्टेशनात पोचली, गोणी मालधक्क्यावर उतरल्या. पुढे काय? गाव स्टेशनापासून वीस-तीस मैलांवर असायचं. तिथवर बैलगाडी हवी, आणि बैलांना चारा हवा. दुष्काळात पहिला बळी जनावरांचा जातो. बैल मेले किंवा मातीमोल भावाने विकले गेले. त्यामुळे रेल्वेच्या वहीत ‘पोचलं’ अशी नोंद झालेलं धान्य कितीतरी गावांच्या दृष्टीने पोचलेलंच नसायचं.

पण समजा वाट असती, बैल असते, तरीही मूळ गाठ सुटत नव्हती. शेतमजुराला काम नाही, कारण शेतात पीकच नाही. विणकराचं कापड कोण घेणार? लोक धान्यासाठी दमडी दमडी जपतायत. छोट्या शेतकऱ्याने बैल विकायला काढले, तर बाजारात सगळेच बैल विकायला आलेले. सावकाराकडे जावं तर तोही हात आखडता घेतोय. १८७५ मध्येच सुप्याला आणि आसपास शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, ती जखम ताजी होती. थोडक्यात, धान्याचा भाव वर गेला आणि माणसाच्या मजुरीचा, त्याच्या जनावरांचा भाव खाली आला. या दोन भावांच्या मधल्या खड्ड्यात माणसं पडली.

एक पौंड

आता या गोष्टीतलं मुख्य पात्र. सर रिचर्ड टेंपल. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याच टेंपलने ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणवला, लोकांना काम दिलं, मदत दिली. फारच कमी माणसं दगावली. खरं तर शाबासकी मिळायला हवी होती. मिळाल्या शिव्या. एवढा खर्च कशाला केला, म्हणून लंडनपर्यंत टीका झाली.

जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्याच टेंपलला दख्खन आणि मद्रासकडे पाठवलं. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला दिल्लीत भव्य दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आलं होतं. या वेळी टेंपल धडा शिकून आला होता, पण तो भलताच धडा होता: खर्च कमी करा. धान्याचा व्यापार व्यापाऱ्यांवर सोडा, भावात हात घालू नका, सरकारने धान्य विकत घेऊ नये. गाड्या चालल्यात ना, मग धान्य येईलच.

दुष्काळी कामांवर, म्हणजे खडी फोडणं, तलाव खोदणं, रस्ते करणं अशा कामांवर, पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याच्या किमतीएवढे पैसे आणि वर एक आणा अशी मजुरी ठरली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी कडाडून विरोध केला: एवढ्या अन्नावर कष्टाचं काम करणारं शरीर टिकूच शकत नाही. मद्रासमध्ये पुढे मजुरी वाढवावी लागली. इकडे दख्खनमध्ये हजारो मजुरांनी कामं सोडून दिली. भुकेल्या माणसांचा संप! पोटात अन्न नसताना, पुढच्या दिवसाची खात्री नसताना, त्यांनी सांगितलं की या दरात काम करणार नाही.

या सगळ्या काळात धान्य देशाबाहेर जाणं थांबलं नाही. १८७७-७८ या वर्षात उत्तरेतला सव्वातीन लाख टनांच्या आसपास गहू इंग्लंडला गेला, असा आकडा इतिहासकार देतात. दुष्काळी कामांवर माणसं झिजतायत आणि बंदरात गव्हाच्या गोणी बोटीत चढतायत, हे दोन्ही एकाच वेळी चालू होतं. रेल्वेच्या वहीत दोन्हीकडच्या वाघिणी ‘धान्य’ याच सदराखाली पडत होत्या.

१८७८ मध्ये नेमलेल्या दुष्काळ आयोगाच्या अंदाजाप्रमाणे नुसत्या ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून जास्त माणसं मेली. बाकीच्या संस्थानांची भर वेगळी. आणि टेंपल? १८७७ मध्येच त्याला मुंबईचा गव्हर्नर करण्यात आलं.

दुसरी वही

या काळात मोजणारे आणखी काही लोक होते. त्यांची वही वेगळी होती.

पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण, आणि न्यायमूर्ती रानडे तिचं डोकं. सभेने दुष्काळी जिल्ह्यांतून माहिती गोळा करायला सुरुवात केली. पीक किती आलं, रुपयाला किती शेर मिळतायत, किती घरं गाव सोडून गेली, दुष्काळी कामांवर लोकांची हालत काय आहे. हे सगळं लिहून काढून ते सरकारला पाठवत आणि छापत. आजच्या भाषेत सांगायचं तर सरकारचा डेटा पुरवठ्याचा होता, सभेचा डेटा माणसांचा होता.

दुसरीकडे सत्यशोधक समाज. जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या. २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. त्यात दुष्काळाचं वर्णन आहे, आणि सत्यशोधकांनी मदतीसाठी समित्या कशा नेमल्या तेही आहे. दुष्काळाच्या इतिहासात सरकारी अहवालांचे ढीग आहेत. त्यांच्या शेजारी हे एक पत्र ठेवून बघा, म्हणजे कोण काय बघत होतं ते लक्षात येतं.

वीस हजार मैलांचं औषध

दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला. अध्यक्ष रिचर्ड स्ट्रॅची. आयोगाने रेल्वे वाढवून एकूण २०,००० मैलांपर्यंत न्यायला सांगितलं. त्याचबरोबर दुष्काळ संहिता तयार झाली, १८८३ मध्ये तिचा मसुदा आला. ही संहिता महत्त्वाची आहे, कारण तिच्यात दुष्काळ ओळखायच्या खुणा दिल्या होत्या. भाव चढणं, लोक दिशाहीन भटकायला लागणं, गुन्हे वाढणं, सावकारांनी हात आखडणं, आणि धान्याच्या व्यापारात अचानक मोठी धामधूम सुरू होणं.

ही शेवटची खूण नीट बघा. १८७७ मध्ये धान्याची धावपळ म्हणजे सगळं ठीक चाललंय असा अर्थ काढला गेला. सहा वर्षांनी त्याच धावपळीची नोंद धोक्याच्या घंटेत झाली. म्हणजे सरकारी यंत्रणाही शिकली, पण फार मोठी किंमत मोजून.

पुढे १८९० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेने २०,००० मैल ओलांडले. तरीही १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले आणि पुन्हा लाखो माणसं गेली. १८९६ मध्ये टिळकांनी काय केलं माहितीये? केसरीतून ही दुष्काळ संहिता मराठीत समजावून सांगितली. ‘सरकारनेच हे नियम केलेत, तुमचा हक्क आहे, मागा’ असा त्यांचा रोख. माणसं पाठवून खेडोपाडी हा निरोप पोचवला. धान्य गावात पोचवायच्या आधी हक्क गावात पोचवायचा, असं ते काम होतं.

आता एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. रेल्वेने फक्त वाटोळं केलं, असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धवट आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी ब्रिटिशकालीन रेल्वेचा अभ्यास करताना मिठाचे भाव वापरले. मीठच का? कारण एकेका प्रकारचं मीठ एकेकाच ठिकाणी तयार व्हायचं, त्यामुळे भावातल्या फरकावरून वाहतुकीचा खर्च काढता येतो. काय डोकं आहे बघा! त्यांच्या अभ्यासात दिसतं की रेल्वेने वाहतूक स्वस्त केली, भावातली तफावत कमी केली आणि रेल्वे पोचलेल्या भागाचं उत्पन्न वाढलं. मिशेल मॅकअल्पिन या संशोधिकेने पश्चिम भारताचा अभ्यास करून असं मांडलं, की दीर्घकाळात रेल्वेमुळे दुष्काळाची धार कमी झाली. मला हे पटतं. रूळ नसते तर काही जिल्ह्यांत पैसे देऊनही दाणा मिळाला नसता. पण रुळांनी दाणा जवळ आणला तरी तो विकत घ्यायची ऐपत गाडीतून येत नाही.

१९७२ चं उत्तर

आता शंभर वर्षं पुढे येऊ. त्याच जिल्ह्यांत. सोलापूर, नगर, पुणे, सांगली, बीड, उस्मानाबाद. १९७२ चा दुष्काळ. तुमच्या आजी-आजोबांना नुसतं ‘बहात्तर’ म्हणा, पुढचं ते स्वतःच सांगतील: मिलो नावाची लाल ज्वारी, सुकडी, खडीची कामं.

अन्न महामंडळ १९६५ मध्येच स्थापन झालेलं होतं, गाड्याही होत्या. तरी बाहेरून आलेलं धान्य तूट भरून काढायला पुरेसं नव्हतं. राज्यातली माणशी धान्याची उपलब्धता भयंकर खाली गेली होती. नुसत्या वाघिणींच्या हिशेबाने बघितलं तर १८७७ सारखं काहीतरी घडायला हवं होतं.

ते घडलं नाही. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, रस्ते, नाला बांध. मजुरी कमी होती, तीही उशिरा मिळायची, म्हणून मोर्चे निघाले, आंदोलनं झाली. पण हातात पैसा येत होता. आणि हातात पैसा आला, की व्यापाऱ्यालाही कळतं की या गावात गिऱ्हाईक आहे. मग धान्य वाट काढत येतं. अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केलाय आणि त्याचं सार हेच आहे: लोकांची विकत घ्यायची ताकद टिकवली म्हणून संहार टळला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात जगभरच्या दुष्काळांबद्दल हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली.

आपल्याकडे याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना कायद्याच्या रूपात उभी राहिली. महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा. टेंपलच्या एक पौंडानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

आपल्या काळात

तुम्ही म्हणाल, हा सगळा इतिहास झाला. २०२० आठवतंय? मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. प्रवासी गाड्या बंद झाल्या, पण मालगाड्या चालू राहिल्या, आणि अन्न महामंडळाने रेल्वेने प्रचंड धान्य हलवलं. गोदामं भरलेली होती. हे काम करणारे हमाल, गार्ड, लोको पायलट यांचं कौतुकच आहे. पण शहरात अडकलेल्या स्थलांतरित मजुराचं रेशन कार्ड होतं गावाकडे. नाहीतर नव्हतंच. कार्ड नसलेल्या मजुरांसाठी महिन्याला पाच किलो धान्याची केंद्राची घोषणा झाली १४ मे २०२० ला. मधले सात आठवडे गाड्या धावत होत्या, आकडे चांगले होते, आणि लोक हायवेवरून पायी चालत होते.

त्यानंतर ‘एक देश, एक रेशन कार्ड’ ही सोय देशभर झाली. गावचं कार्ड आता पुण्यात, मुंबईत चालतं. ही गोष्ट एखाद्या नव्या रेल्वेमार्गाएवढीच मोठी आहे असं मला वाटतं, कारण ती शेवटच्या वीस मैलांवर काम करते.

म्हणून पुढच्या वेळी ‘इतके लाख टन धान्य हलवलं’ अशी बातमी फोनवर आली, तर जरूर वाचा. आणि तिच्या खाली दोन प्रश्न स्वतःच जोडा. ते उतरलं कुठे? आणि जिथे उतरलं तिथल्या सगळ्यात गरीब घराकडे ते घ्यायला पैसे किंवा कार्ड आहे का? सार्वजनिक सभेची माणसं पायी गावोगाव फिरून हेच विचारत होती. आपल्याकडे तर फोन आहे. तुमच्या वस्तीतल्या रेशन दुकानात या महिन्याचं धान्य कधी आलं आणि कोणाला मिळालं नाही, एवढं जरी विचारलंत तरी खूप झालं.

आणि घरात बहात्तर पाहिलेलं कोणी असेल, तर त्यांच्याशी बोला. फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवा. खडीच्या कामावर रोज किती मिळायचा, मिलोची भाकरी कशी लागायची, सगळं विचारा. या गोष्टी कुठल्याच वाघिणीच्या हिशेबात सापडणार नाहीत.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.